जिराफाचं डोकं

सोमवार

आज नाश्त्याला भावाने पुन्हा विचारलं, "ताई, मग काय ठरवलंस?" माझ्या तोंडात पाव होता, म्हणून वाचले. पाव संपेपर्यंत तो चहावाल्याशी हुज्जत घालायला निघून गेला.

ठरवायचं काय, तर आता मी निवृत्त झाले, तेव्हा भाड्याची खोली सोडून यांच्याकडे राहायला जायचं की नाही. मागची खोली रंगवून ठेवली आहे म्हणे. फिकट पिवळा रंग. मला विचारलं का कोणी रंगाचं? मी सांगून टाकलं होतं, आधी तुमच्याबरोबर सहलीला येते, आठवडाभर तुम्हाला जवळून बघते, मग सांगते. जन्मभर पोरांच्या परीक्षा घेतल्या, यांची घ्यायला काय हरकत आहे? आणि खरं सांगायचं तर एकटं राहायची मला धास्ती वाटते. पण जिथे आपली अडगळ होते तिथे जाऊन पडायची त्याहून जास्त वाटते.

आतापर्यंतचा निकाल काही बरा नाही. भाऊ एका मोठ्या गोदामाचा प्रमुख आहे आणि सुट्टीवर आला तरी गोदाम डोक्यावरून खाली ठेवायला तयार नाही. सगळ्या बॅगांवर खडूने नंबर घातलेत. हॉटेलच्या खोलीत शिरला की आधी बॅगा मोजतो, मग माणसं. भावजय दिवसभर "वन्सं, वन्सं" करत मागे असते आणि वाटेत दिसेल त्याच्याशी बोलते. हॉटेलच्या धोब्याच्या आईचं कसलं ऑपरेशन झालं हे हिला आल्या दिवशीच ठाऊक. एवढ्या चौकशा करून करायचं काय? लोणचं घालणार आहे का? भाची कॉलेजात जाते, म्हणजे फोन हातात धरून हिंडते. लहानपणी माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. तेव्हा बरी होती.

दुपारी भावाने शेवटच्या दिवसाचा बेत जाहीर केला. खोली सोडायची, सामान स्टेशनवर ठेवायचं, मग प्राणिसंग्रहालय, मग संध्याकाळची गाडी.

"प्राणिसंग्रहालय?" भाची किंचाळली. "बाबा, मी काय पाच वर्षांची आहे? त्यापेक्षा तो मोठा बाजार..." आणि एकदम "आई गं!" म्हणून दंड चोळायला लागली. भावजय खिडकीबाहेर बघत होती. मग भाचीच म्हणाली, "हो हो, मला ना, जायचंच आहे. मला प्राणी फार आवडतात."

या पोरीचं डोकं ठिकाणावर नाही.

मी म्हटलं, "माझं काही नाही बाई. तुम्ही न्याल तिकडे." चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पण इथे लिहायला हरकत नाही, इथे कोण बघतंय. मला जिराफ बघायचाय.

माझ्या वर्गात प्राण्यांचा एक तक्ता होता. त्यातल्या जिराफाचं डोकं अगदी वरच्या कडेला, आणि ती कड मी नोकरीला लागण्यापूर्वीच उंदरांनी खाल्लेली. नवा तक्ता मागितला की मुख्याध्यापक म्हणायचे, पुढच्या वर्षी. जे जे मुख्याध्यापक आले त्यांनी पुढचंच वर्ष सांगितलं. मग मीच स्टुलावर चढून तक्त्याच्या वर, भिंतीवर, खडूने डोकं काढायचे. पुसलं गेलं की पुन्हा काढायचे. टीव्हीवर दिसतो जिराफ, पण टीव्हीत तो वीतभर. त्यात काय मजा? मला त्याच्यापाशी उभं राहून मान वर करून बघायचंय. आता या वयात हे कुणाला सांगायचं? दात काढतील. भाचीला तो तक्ता आठवत असेल म्हणावं, तर तिला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही.

मंगळवार

टेकडीवरचा जुना बुरूज. पायऱ्याच पायऱ्या. भावजय शेळीसारखी टुणटुण वर गेली, आणि वर जाऊन तिथल्या रखवालदाराच्या नातवंडांची चौकशी करत बसली. बुरूज म्हणजे दगड. तिकीट काढून दगड बघितले.

बुधवार

वस्तुसंग्रहालय. फुटकी भांडी काचेत ठेवली होती. आमच्याकडे फुटली की आई टाकून द्यायची.

गुरुवार, संध्याकाळ

आज जे बघितलं ते कुठल्याच शहरात बघायला मिळणार नाही. जेवायच्या आधीच भावाने सगळं सामान भरायला घेतलं. गाडी उद्या संध्याकाळची, आणि हा आजच कमरेला पंचा बांधून तयार. "आमच्याकडे माल आदल्या दिवशीच बंद होतो," म्हणाला. आम्हाला माल म्हणतो, बरं का.

तिघी बायका असताना कोणाला हात लावू दिला नाही. टेबलावरचं, खिडकीतलं, पलंगावरचं, जे जे दिसेल ते उचलून आत. भाचीचा टॉवेल तिच्या खांद्यावरून ओढून घेतला. मग शेवटी एका डब्यातून त्याने काय काढावं? तार, शिशाच्या गोळ्या आणि सील दाबायची पक्कड! गोदामातून घेऊन आलाय. प्रत्येक बॅगेच्या चेनच्या कड्यांतून तार ओवली, पीळ दिला, शिशाची गोळी दाबली. कट्ट. एकेक बॅग बंद.

"अरे, कुलूप लावतात माणसं," मी म्हटलं.

"ताई, कुलूप काय, कुणीही उघडून पुन्हा लावतो. सील तुटलं की लगेच कळतं."

"कळून काय करायचं? रडत बसायचं?"

"आता घरी पोचल्याशिवाय सील तोडायचं नाही," तो म्हणाला. "कोणीही. काहीही झालं तरी." आणि बायकोकडे बघितलं. तिने मान डोलावली. लग्न झाल्यापासून ही मान डोलावतेच आहे. माझ्या वर्गात असती तर मी तिला उभं करून विचारलं असतं, तुला स्वतःचं काही मत आहे की नाही?

उद्यासाठी प्रत्येकीला एक हातपिशवी ठेवायची परवानगी मिळाली. उपकार झाले.

आता दिवसभर घातलेल्याच कपड्यांत झोपायचं आहे. अशा घरात राहायला जायचं म्हणजे एक दिवस हा माझ्याही कानातून तार ओवेल. नाहीच जात. घरी पोचले की सांगून टाकते.

जिराफ मात्र बघून घेते.

शुक्रवार, स्टेशनवर

बाकावर बसून लिहिते आहे. समोर तमाशा चालू आहे.

सामान ठेवून घेणाऱ्या खिडकीतल्या माणसाने बॅगा बघितल्या, तार बघितली आणि म्हणाला, "कुलूप कुठाय?"

भावाने त्याला सीलचं तत्त्वज्ञान सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कुलूप नसेल तर सामान घेत नाही. नियम आहे." माझा भाऊ दुसऱ्याच्या नियमापुढे इतका हतबल झालेला मी पहिल्यांदाच बघितला. मला आनंद झाला नाही असं लिहिणार नाही.

"बाबा, समोर दुकान आहे. कुलपं घेऊ," भाची म्हणाली.

"आणि कुठे लावू? कड्यांत तार आहे."

"मग तार तोडा."

भावाने तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्याला स्वतःचा कान कापायला सांगितला. "सील तोडायचं नाही," म्हणाला.

म्हणजे आता दिवसभर कुणीतरी वेटिंग रूममध्ये या बोचक्यांपाशी बसायचं. सगळे गप्प. अशा वेळी सगळे का गप्प होतात ते मला चांगलं कळतं. घरात एकटी बाई असली की तिला कुठे काय बघायचं असतं? मी म्हटलं, "मी बसते. मला काय, सगळे प्राणी घरी बघून झालेत."

म्हटलं खरं. रडूच आलं असतं, म्हणून पिशवीत तोंड घालून रुमाल शोधत बसले.

तेवढ्यात भावजय म्हणाली, "नको, वन्सं. माझाच गुडघा सकाळपासून ठणकतोय. मी बसते, तुम्ही जा." आणि लंगडत जाऊन सगळ्यांत मोठ्या बॅगेवर बसली.

मंगळवारी पायऱ्या चढताना गुडघा बरा होता. आता चालायचं म्हटल्यावर बरा ठणकायला लागला. कामचुकार ती कामचुकारच. तिला बसू दे. मी चालले.

शुक्रवार, गाडीत

हात हलतोय, अक्षर वाकडं येतंय. पण आजच लिहायला हवं.

प्राणिसंग्रहालयाच्या दारात मोठा फलक होता. कुठला प्राणी कुठे ते लिहिलेलं. मला सगळं धूसर. लांबचा चष्मा काढायला पर्समधली डबी उघडली, तर आत नुसतं पुसायचं फडकं. पर्स पालथी घातली. तेव्हा आठवलं, काल संध्याकाळी चष्मा खिडकीत ठेवला होता. खिडकीतलं सगळं कुणी उचलून आत घातलं? आमच्या गोदामप्रमुखांनी. म्हणजे माझा चष्मा सीलबंद. गळ्यात अडकवलेला जवळचा चष्मा तेवढा बरोबर, त्याने तिकिटावरची बारीक अक्षरं छान दिसत होती.

मी कुणाला बोलले नाही. काय बोलायचं? जन्मभर वाट बघितली आणि आता दिसत नाही म्हणून भावापुढे हात जोडायचे? म्हटलं, उंच प्राणी आहे, थोडाफार तरी दिसेल.

"आत्या, तो बघ जिराफ!" भाची ओरडली.

मी तिच्या बोटाच्या दिशेला बघितलं. कुंपणापलीकडे काहीतरी उंच, ठिपक्याठिपक्यांचं, ढिम्म उभं होतं. मी बराच वेळ बघितलं. म्हटलं, "ठीक आहे. एवढं काही खास नाही. हलत नाही का हा?"

भाची माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "आत्या," ती हळूच म्हणाली, "ते झाड आहे गं. जिराफ तिकडे लांब उभा आहे, शेडपाशी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझा चष्मा कुठाय?"

"घरी," मी म्हटलं.

"परवा तर होता! बुधवारी ती भांडी बघून नाक मुरडत होतीस तेव्हा नाकावरच होता."

पोरगी निरीक्षण करते, हे मला नवीन होतं. तिने फोन काढला आणि बाजूला जाऊन आईशी कुजबुजायला लागली. भाऊ तिच्या मागे धावला. "काय? कशाला? तिला सांग, सील तोडायचं नाही! कुठली बॅग तेही मला आठवत नाही, सगळ्या उघडाव्या लागतील! अगं, ऐकतेस का? अगं?" फोन बंद झाला होता. भाऊ फोनकडे बघत उभा राहिला.

"तोडणार नाही ती," तो म्हणाला. "तिला सांगून ठेवलंय."

मलाही तसंच वाटलं. मान डोलावणारी बाई. मी एका बाकावर जाऊन बसले. म्हटलं, झालं. एका तक्त्याला डोकं नव्हतं, आता खऱ्यालाही नाही. भाऊ शेजारी येऊन बसला. म्हणाला, "खिडकीतला चष्मा मीच आत टाकला का गं?"

"नाही, उंदरांनी," मी म्हटलं.

तो टाचेने माती उकरत बसला. लहानपणी काही फोडलं की अस्साच बसायचा.

मग रखवालदाराने सांगितलं की संध्याकाळ व्हायच्या आत जिराफाला शेडमध्ये नेतात, बघायचं असेल तर बघून घ्या. भाची फाटकाकडे पळाली. मी उठलेच नाही. बघायचं कशाने?

आणि फाटकातून भावजय आली. धावत! चपला हातात, केस सुटलेले, आणि दुसऱ्या हातात माझा चष्मा उंच धरलेला. ठणकणाऱ्या गुडघ्याची बाई रस्ताभर धावत आली. खोटारडी कुठली.

"शेवटच्या बॅगेत निघाला, वन्सं," ती धापा टाकत म्हणाली. "सगळ्या उघडल्या. तार दातांनी तुटेना, मग तिथल्या झाडूवालीने पक्कड आणून दिली."

"आणि सामान?" भाऊ.

"तिच्यापाशी आहे. चांगली बाई आहे. मुलगी नर्सिंगला आहे तिची."

भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि आता तो मला स्पष्ट दिसतही होता. तो स्टेशनकडे पळत सुटला.

"अगं, त्यांनी काहीही झालं तरी तोडायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना तुला?" मी म्हटलं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली आणि चपला पायात घालायला लागली. "चला, वन्सं. आत नेतील त्याला."

आम्ही तिघी जवळजवळ पळालो. माणूस शेडचं दार उघडत होता. आणि तो उभा होता. काय सांगू? मी मान वर केली, आणखी वर केली, तरी तो संपेचना. पाय संपले, मान संपली, आणि अगदी वर, माझ्या स्टुलाच्या, तक्त्याच्या, शाळेच्या छपराच्याही वर, डोकं. ओठ हलवत काहीतरी चघळत होता. लांबच लांब पापण्या. आमच्याकडे त्याने एकदाच बघितलं, म्हणजे बघितलं न बघितल्यासारखं केलं, आणि आमच्या डोक्यांवरून पलीकडे नजर लावली. कुणाची पर्वा नाही. इतकी तुच्छता मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती. मला फार आवडला.

"आत्या, अगदी तुझ्यासारखा बघतोय," भाची म्हणाली. भावजयीने तिला चिमटा काढला. या मायलेकींचं हे काय चिमट्यांचं चाललेलं असतं, कोण जाणे.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी त्यांना सांगितलं, ऊन फार आहे. ऊन तेव्हा उतरलं होतं.

भावजयीने फोनवर माझा फोटो काढला, जिराफ मागे. मग त्याला आत नेलं. जाताना दारात त्याने मान खाली घातली. एवढ्यापुरतीच.

स्टेशनवर भाऊ वेटिंग रूमच्या मधोमध बसला होता. भोवती सगळ्या बॅगा आ वासून पडलेल्या, आणि ती झाडूवाली त्याच्या बनियनची घडी घालत होती. काही हरवलं नव्हतं. त्याच्याकडची शिशाची मात्र एकच गोळी उरली होती, ती हातात घेऊन फिरवत होता. मला वाटलं, आता बायकोवर तोंडाचा पट्टा सुटणार. मी मध्ये पडायची तयारीही केली. हो, मी. त्या मान डोलावणारीच्या बाजूने.

त्याने मान वर करून मला विचारलं, "डोकं दिसलं?"

"दिसलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"बरं झालं," तो म्हणाला आणि उघड्या बॅगा उचलायला लागला. सीलचं नाव काढलं नाही.

आत्ता लिहिताना मनात आलं, मी जिराफ म्हटलं होतं कधी? डोकं तर मुळीच म्हटलं नव्हतं. याला डोक्याचं काय माहीत? भाचीने लावालावी केली असणार, दुसरं काय. म्हणजे तिला तक्ता आठवत होता. आणि प्राणी फार आवडतात म्हणे! समोर तिघे ओळीने झोपलेत, तोंडं उघडी टाकून. भावाचे पाय बॅगांवर. भावजयीचा हात त्या ठणकणाऱ्या गुडघ्यावर. नापास करायला बसले होते मी यांना.

शनिवार, पुढच्या आठवड्यातला

मी अजून हो म्हटलेलं नाही. एवढंच म्हटलं की चार दिवस राहून बघते. भावाने माझी ट्रंक आणली, तिच्यावर नंबर घातला, मी तो त्याच्यादेखत पुसला. खोलीचा पिवळा रंग वाटला होता तेवढा वाईट नाही. उजेड असला की बरा दिसतो.

आज भावजयीने फोटो छापून आणला. बघते तर काय? मी मधोमध, पायाच्या बोटांपासून केसांपर्यंत, तोंड उघडं टाकून वर बघतेय. मागे जिराफाचे पाय, पोट, मान. आणि डोकं? डोकं नाही! कडेला कापलं गेलेलं!

"अगं, एवढं मोठं जनावर मागे उभं आहे आणि त्याचं डोकं घ्यायचं सुचलं नाही तुला?" मी ओरडले. "त्यासाठीच तर एवढी तंगडतोड केली!"

"दोन्ही मावेनात, वन्सं," ती म्हणाली. "मग म्हटलं, तुम्ही तरी पूर्ण याल."

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. स्वयंपाकघरात निघून गेली.

मी फोटो घेतला आणि पलंगाच्या वरच्या भिंतीवर चिकटवला. मग पेन्सिल शोधली, खुर्चीवर चढले आणि फोटोच्या वर, त्या कोऱ्या पिवळ्या भिंतीवर, डोकं काढायला घेतलं. पापण्या लांब काढल्या. ओठ एका बाजूला सरकलेला काढला. या वेळी बघून आलेले होते.

भावजय चहा घेऊन आली तेव्हा मी खुर्चीवरच होते. नव्या रंगाच्या भिंतीवर पेन्सिल. मी भांडायच्या तयारीने वळले. तिने भिंतीकडे बघितलं, कप टेबलावर ठेवला, पुन्हा बघितलं.

"वन्सं, एक कान राहिला," ती म्हणाली.

नसतं शहाणपण!

राहिलाच होता. काढला.